इतवारची सुई

माझे वडील बापूराव यांच्याइतका वस्तू जपणारा माणूस आमच्या हळदबोडीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. वाकडा खिळा सापडला की दगडावर ठोकून सरळ करायचे. ताप उतरला तरी औषधाची बाटली तळापर्यंत पिऊन संपवायचे. "डाक्तरनं पूर्ण देली हाय, अर्धी फेकाची कायले?" एकदा म्हशीसाठी आणलेलं औषध उरलं. ते वाया जाऊ नये म्हणून दोन दिवस बाबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि दोन दिवस आमच्या घरात कोणी खोकलं नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं याच गुणावर चाललं.

१९८५ साली मी गडचिरोलीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. सुरुवातीलाच स्वागताचा कार्यक्रम झाला. नागपूरहून गुणवंतराव नावाचे पाहुणे आले होते, अंगात सफारी, डोळ्यांवर काळा चष्मा. ते म्हणाले, "कॉलेजचे दिवस पुन्हा येत नाहीत. भरपूर प्रवास करा. हिमालय पाहा, समुद्र पाहा. आणि स्वतःची काळजी घ्या. पुरेशी झोप, केसांना तेल, मनाला विश्रांती." मागून एक पोट्टा ओरडला, "सर, पहिले भामरागडची गाडी तं चालू करा!" तिकडे पुलावरून पाणी जात होतं, आठ दिवस गाडी बंद होती. सगळे हसले. गुणवंतरावही हसले, घड्याळ पाहिलं आणि गळ्यातला हार तसाच ठेवून चारच्या गाडीने निघून गेले. अंधार पडायच्या आत त्यांना आमच्या जिल्ह्याबाहेर पडायचं होतं.

पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं. प्रवास आणि झोप! इतका सोपा अभ्यासक्रम मला आजवर कोणी दिला नव्हता.

हिमालय काही माझ्या वाट्याला येणार नव्हता. माझ्याकडे एसटीचा विद्यार्थी-पास होता, हळदबोडी ते गडचिरोली, अठ्ठावीस किलोमीटर. तेवढ्यात जमेल तेवढा प्रवास करायचा होता. आडवा येत होता तो इतवार. इतवार म्हणजे पोरगी घरात रिकामी सापडण्याचा दिवस. शेण मी काढायचं, गोधड्या मी धुवायच्या, सरपण मी आणायचं, आणि वरून धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, निंदायलाही मीच. सोमवारी मी कॉलेजात जायची ती मोडलेलं अंग घेऊनच.

मग एका शनिवारी जेवताना मी म्हटलं, "बाबा, पास रोज वापरला नाई तं बाद होते. आन इतवारी जादा तास बी असतात."

बाबांचा घास हातातच राहिला. "बाद होते? म्हंजे पूर्णच?"

"पूर्णच."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः मला सोडायला गाडीपर्यंत आले आणि कंडक्टरला, म्हणजे लटारूभाऊला, त्यांनी सरळ विचारलं, "काय गा लटारू, पास रोज नाई वापरला तं बाद होते म्हणते हे पोरगी. खरं हाय काय?" लटारूभाऊने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याला घरी तीन पोरी होत्या. "होते ना बापूराव," तो म्हणाला, "लय कडक नियम हाय." आणि त्याने घंटी मारली.

त्या दिवसापासून मला काहीच करावं लागलं नाही. दर इतवारी सहाच्या ठोक्याला बाबाच ओरडायचे, "सत्ते, ऊठ! पास वाया जाते!" मी मुद्दाम कुरकुर करायची. मग ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवायचे. "अठरा अठरा तास अभ्यास केला त्यायनं. आन तुले इतवार पायजे?" फोटोसमोरून जाताना मी मान खाली घालायची. मायला वाटायचं, पोरगी नमस्कार करते.

गडचिरोलीत इतवारी कॉलेजला कुलूप असायचं. मी सरळ मुलींच्या वसतिगृहात कमलाच्या खोलीवर जायची. कमला भामरागडची. तिचे वडील तिथल्या शाळेत शिपाई. पावसाळ्यात रस्ता बंद, म्हणून बिचारी जुलैपासून एकाच खोलीत अडकलेली. इतवारी रेक्टरबाई चंद्रपूरला आपल्या घरी जायच्या, मग काय, रान मोकळं. मी रिठ्याने केस धुवायची, खोबरेल तेल लावायची आणि कमलाच्या खाटेवर पाय लांब करून चार वाजेपर्यंत झोपायची. कमला म्हणायची, "तू एवढ्या दुरून झोपाले येतं काय वो?" मी म्हणायची, "पाहुण्यानं सांगतलं ना, प्रवास करा आन झोप घ्या."

हसत होते, पण आतून धाकधूक होतीच. बाबांनी नाव घालतानाच साफ सांगितलं होतं, "शिकतं तोवर तुया लग्नाचं नाव नाई काढणार. पर ज्या दिवशी टाइमपास दिसला, त्या दिवशी आरमोरीच्या पाहुण्यायले बोलावतो." आरमोरीचे पाहुणे तयारच होते. मी एकदा सापडले असते तर इतवारही गेला असता, सोमवारही गेला असता आणि बी.ए.ही.

आणि सप्टेंबरात, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर, माझी माय बायनाबाई एका शनिवारी म्हणाली, "उद्या मी बी येतो गडचिरोलीले. गुडघा दाखवतो."

"इतवारी दवाखाना बंद राहते माय," मी घाईघाईने म्हटलं.

"तुयं कालेज चालू राहते, तं दवाखानाबी असन," माय म्हणाली. बाबांना ते पटलं.

गाडीत मी मायला खिडकीजवळ बसवलं. काय बोलायचं, कुठून वळसा घालायचा, सगळं मनात जुळवत होते. मायला बोलण्यात गुंतवावं म्हणून वळून पाहिलं, तर माय झोपलेली. डोकं खिडकीच्या दांडीला लागत होतं तरी झोपलेली. मी मायला दिवसाउजेडी झोपलेलं तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. रात्रीसुद्धा नीटसं नाही. मी निजायची तेव्हा ती जागी, मी उठायची तेव्हा तिचं सडासारवण झालेलं. तिच्या डोक्याखाली मी माझी पिशवी सरकवली आणि पहिल्यांदा मला माझ्या खोटेपणाची लाज वाटली.

उतरल्यावर माय म्हणाली, "पहिले कालेज दाखव."

दाखवलं. फाटकाला हे एवढं कुलूप. मी म्हटलं, "मागून रस्ता हाय."

"सत्ते," माय म्हणाली, "मी अंगठाबहाद्दर हाय, आंधळी नाई. इतवारी पोस्ट बंद, सोसायटी बंद, ग्रामसेवक गायब. तुयं कालेजच एवढं कामाचं काऊन असन?"

मी खाली बघत उभी राहिले. "कवापासून माहीत हाय तुले?"

"पहिल्या इतवारापासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

माय कुलपाकडेच बघत म्हणाली, "निजून येत होती तू. तोंड बरं दिसे तुयं." मग म्हणाली, "मले बी एकडाव पाहाचं होतं, इतवार कसा असते ते."

मला रडूच आलं. रस्त्यात, कॉलेजच्या फाटकापाशी. माय म्हणाली, "बह्याड झाली काय? चाल, कुठी निजतं ते दाखव."

कमलाने लगबगीने चादर झटकली. माय आधी नको नको म्हणाली, मग "एक मिनिट पाठ टेकतो" म्हणून आडवी झाली. ते एक मिनिट सव्वातीन वाजेपर्यंत चाललं. मी तिच्या पायांना तेल लावलं. टाचांच्या भेगांत चिखल इतका मुरलेला की तेलाने तो निघेना. मी जोरात चोळलं तरी ती जागी झाली नाही. कमला हळूच म्हणाली, "तुया मायले तुयापेक्षा चांगलं जमते वो हे."

संध्याकाळी दारातच बाबांनी विचारलं, "भेटला काय डाक्तर?"

मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "भेटला. दहा सुया सांगतल्या. दर इतवारी एक. एक जरी चुकली तं मागच्या सगळ्या बाद."

"सगळ्याच?" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सगळ्याच. पुन्हा पहिलीपासून."

मी हादरलेच. मी एवढी कॉलेजात जाऊन जे खोटं शिकले, ते मायने घरबसल्या, माझ्यावरून उतरवून घेतलं होतं, आणि माझ्यापेक्षा नीट. दहाच सुया का, तेही मला नंतर कळलं. दहा इतवार झाले की धान कापणीला येणार होतं. बाबांनी भोळेपणाने विचारलं, "टोचलं कुठी?" माय म्हणाली, "चारचौघात दाखवाची जागा नाई ते." बाबा म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

पुढच्या इतवारपासून सहाला दोन हाका व्हायला लागल्या. "सत्ते, पास वाया जाते! अव बायना, सुई चुकन!" मायचं तिकीट लागलं तरी बाबांची तक्रार नव्हती. सुया बाद होऊ नयेत, बस.

आता खरं सांगते, दुसऱ्या-तिसऱ्या इतवारी मला मायचा राग यायला लागला. कमलाच्या खोलीत खाट एकच. ती मायने घेतली. फरशीवर मला झोप येईना. डोकं मी लढवलं, खोटं मी बोलले, नरक मिळाला असता तर मला मिळाला असता, आणि ऐन झोपायच्या वेळी घोरतंय कोण, तर माझी माय! मी भिंतीला टेकून बसायची. कमला अभ्यास करत असायची. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मीही तिची इतिहासाची वही उचलली. मग राज्यशास्त्राची. चार इतवार गेले. सहामाहीत मला इतिहासात एकसष्ट मार्क मिळाले. बाबांनी ती गुणपत्रिका बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवली आणि म्हणाले, "पाह्य! इतवारच्या जादा तासाचा हा फायदा!" मी मान वर करून फोटोकडे पाहिलं. त्या दिवशी जमलं.

आणि मायच्या गुडघ्याचं दुखणं खरंच उतरलं. चालणं हलकं झालं, तोंडावर तजेला आला. शेजारची गुणाबाई तर म्हणायला लागली, बायनाबाई दहा वर्षांनी लहान दिसते. बाबा गावभर सांगत सुटले, गडचिरोलीत एक इतवारचा डॉक्टर आहे, त्याच्या सुईत जादू आहे.

आठव्या इतवारी आम्ही थांब्यावर पोचलो आणि मी जागीच थबकले. गुणाबाई उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. तिच्यामागे रुखमाबाई. तिच्यामागे आणखी तिघी. एकीचा गुडघा, दोघींची कंबर, बाकीच्यांना आपलं काय दुखतं हेच नीट सांगता येत नव्हतं. आणि सगळ्यांच्या पुढे छाती काढून बाबा.

"मीच आणलं यायले," बाबा म्हणाले. "एवढा चांगला डाक्तर, आन एकट्या आपल्याच घरानं वापराचा? वाया जाईन ना!"

लांबून गाडीचा आवाज आला. या पाच जणींनी संध्याकाळी येऊन डॉक्टरच नाही म्हणून सांगितलं, की संपलं. मायच्या सुया, माझा पास, माझं कॉलेज. आरमोरीचे पाहुणे मला थेट अंगणात बसलेले दिसायला लागले. मी मायचा पदर ओढला. "काई तरी सांग त्यायले. परत पाठव."

माय गुणाबाईकडे बघत होती. गुणाबाईने रोवण्यात दोन महिने माझ्या मायच्या बाजूला वाकून काम केलं होतं. तिचे डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. मायने एकेकीचं तोंड नीट पाहिलं. लटारूभाऊने गाडी थांबवली, दार उघडलं आणि एवढ्या बाया एकेक करून मोजल्या.

"येजा," माय म्हणाली. "पर संग एकेक चटई घेजा."

"चटई?" बाबा म्हणाले. "दवाखान्यात चटई कायले?"

"लाइन लय मोठी असते," माय म्हणाली.

लटारूभाऊने ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. आणि गुणाबाई चटई आणायला घराकडे पळाली, गुडघा दुखत होता तरी पळाली.