काचेच्या बरणीतले मलम

मित्रांनो, मी एक जुने मलम आहे; साधे, पिवळसर, कापल्या-भाजल्याला लावायचे. कारखान्यातल्या कढईत मी वितळले, पत्र्याच्या डबीत थिजले आणि एका घरात आले. त्या घरातली आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायची. सोड्याने तिच्या बोटांना भेगा पडत. संध्याकाळी ती मला चोळायची आणि दोन दिवसांत भेगा मिटायच्या. तेव्हा मी ताठ मानेने जगत होते.

पुढे तिच्या मुलीने मला हेरले. आई तिला लाडाने नटवी म्हणायची. ओठांची चमक, भुवयांचे वळण, गालांची तकाकी, मऊ टाचा, सगळे माझ्याच जिवावर. मनगटावर आधी मी, मग अत्तर, म्हणजे वास टिकतो. पण मैत्रिणींपुढे पत्र्याची डबी काढायची तिला लाज वाटे. म्हणून तिने मला खरवडून एका भारी क्रीमच्या रिकाम्या बरणीत भरले आणि डबी फेकून दिली.

"कुठलं गं हे क्रीम?" मैत्रिणीने विचारले.

"मावशीनं बाहेरून पाठवलंय."

खोटे ती बोलली, पण हुरळून मीही गेले.

त्याच आठवड्यात लाँड्रीत नवी पावडर आली आणि आईची बोटे फुटली. "अगं, आपली मलमाची डबी कुठंय?" तिने विचारले. मैत्रीण समोरच बसली होती.

"संपली," नटवीने सांगून टाकले. मैत्रीण गेल्यावरही खरे सांगायचे ती उद्यावर ढकलत राहिली. आई बोटांना चिंध्या गुंडाळून कामावर जाऊ लागली.

चौथ्या दिवशी आरसा पुसताना आईने बरणी उचलली. तिच्या बोटांत आणि माझ्यात फक्त झाकण होते. काचेवर लाल डाग उमटला. तिने तो पुसला आणि मला जपून जागेवर ठेवले.

"लावून बघ की," नटवी दारातून म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

"नको गं. तुझं भारीतलं आहे. माझ्या हातांवर कशाला वाया घालवू?"

नटवीने झाकण काढले आणि आईचे हात ओढून घेतले. चोळताना ती मान वर करेना. आईने हात नाकाशी नेला.

"हे तर आपलंच," ती म्हणाली. ती रागावली असती तर आम्हा दोघांना बरे वाटले असते.

भेगा मिटल्या, माझी लाज मात्र गेली नाही. मित्रांनो, मला ओठांना लावा, भुवयांना लावा, माझी ना नाही. फक्त ज्या बरणीत भराल, तिच्यावर माझे खरे नाव लिहा. घरात कुणीतरी मला शोधत असते.