भासऱ्याचं नाव

“गुणवंता! अरे ए गुणवंता! मेल्या, कुठी उलथला सकाळपासून?”

भागीरथाची हाक आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. विहिरीवरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. समोरच्या पडवीत गुणवंतराव तंबाखू मळत बसले होते, त्यांचा अंगठा तळहातावरच थांबला. तेवढ्यात त्यांच्याच कोठ्यातून कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू सुसाट निघालं. तोंडात कोंबडीची पिसं, मागे कोंबडीचा कालवा आणि त्यामागे त्यांची सून कमळा, हातात खराटा घेऊन.

“आला का चोरट्या!” भागीरथानं अंगणातूनच आवाज चढवला. “लाज नाई, शरम नाई! घरच्याच माणसाच्या जिवावर उठतो! थांब गुणवंता, तुले आज उपाशीच ठेवतो का नाई पाय!”

पिल्लू तिच्या पायांत येऊन लोळलं. तिनं ते उचललं, पडवीकडे पाठ केली आणि घरात गेली. डोक्यावरचा पदर मात्र तसूभर ढळला नव्हता. भासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवायला ती काही उठवळ नव्हती.

गुणवंतराव तिचा भासरा. म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गोंडपिपरीकडच्या त्या गावात भावसुनेनं भासऱ्यासमोर बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याची सावलीसुद्धा अंगावर घ्यायची नाही, आणि नाव? नाव तर मेल्यावरही घ्यायचं नाही. भागीरथानं हे सगळं लग्नापासून पाळलं. खाली मान घालून जगलेल्या त्या बाईनं भासऱ्याचे पाहिले असतील तर फक्त पाय. टाचेला भेगा पडलेले, पोटऱ्या भरदार, चालताना जमीन हादरवणारे पाय. नवरा लटारू गेला, मूलबाळ नव्हतं, तरी तिनं रीत मोडली नाही.

आणि आता रोज तीच बाई त्या नावानं आळी दणाणून सोडत होती.

दुपारी देवाजी आला. गुणवंतरावांचा मुलगा, मनानं गरीब.

“काकी, हे बरं नाई दिसत. लोकं हासून राह्यले.”

“काऊन बापा? काय झालं?”

“कुत्र्याले बाबाचं नाव ठेवलं तू.”

“अरे देवा!” भागीरथानं गालावर हात मारून घेतला. “बाबाचं नाव? मले काय मालूम बापा तुह्या बाबाचं नाव! भासऱ्याचं नाव बाईमाणसानं घेतलं तं जीभ झडते. मी तं गुणाचा हाय म्हणून कुत्र्याले नाव ठेवलं. तूच सांग, काय नाव हाय तुह्या बाबाचं?”

देवाजी सरळ माणूस. त्यानं सांगितलं, “गुणवंत.”

त्याबरोबर चुलीमागून पिल्लू आलं आणि शेपूट हलवत त्याच्या धोतराला झोंबलं. भागीरथा इतकी हसली, इतकी हसली, की शेजारची रहमतबी धावत आली. हसता हसता हिला खोकला लागला की काय, अशी तिला भीती वाटली. पण खोकला नव्हता. नुसतं हसणंच होतं, पोटापासूनचं.

आता या बाईला एवढं विष कुठून चढलं ते सांगायला हवं.

गेल्या हिवाळ्यात भागीरथाच्या छातीनं दगा दिला. ताप, खोकला, मग रक्त. त्याआधी ती पंचक्रोशीत रोट्यांसाठी नावाजलेली होती. उपडं मडकं चुलीवर तापवायचं, कणकेचा गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि पातळ, झिरझिरीत रोटी त्या मडक्यावर टाकायची. लग्न कोणाचंही असो, बोलावणं भागीरथाला. तिचं मडकं काळंभोर, तेलकट झालेलं. सासूनं दिलेलं, सासूला तिच्या सासूनं दिलेलं. त्यावर रोटी चिकटत नसे. ते मडकं ती दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू देत नसे.

रोग कळला तसं बोलावणं बंद झालं. त्याचं तिला एवढं वाटलं नाही, रोगच तसा. पण देवाजीनं तिला दवाखान्यात न्यायला बंडी जुंपली, तिच्यावर घोंगडं टाकलं, बंडी हलली, आणि मागे फटकन आवाज झाला. तिनं मान वळवून पाहिलं. तिच्या दारात गुणवंतराव उभे होते आणि त्यांच्या पायांशी तिच्या काळ्या मडक्याच्या खापऱ्या.

घरातून प्रेत निघालं की मागे मडकं फोडायचं, ही त्या गावची रीत. जित्या माणसामागे मडकं फुटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

“रोग माघारी यायले नको,” गुणवंतराव लोकांना म्हणाले. “घरात लेकरं हायेत.”

दवाखान्यात तिच्या आजूबाजूच्या खाटा रिकाम्या होत आणि भरत. नव्या सुया निघाल्या होत्या, त्या टोचून टोचून दोन्ही कुल्ल्यांची चाळणी झाली. पण भागीरथाला विचाराल तर ती सांगेल, अर्धी मी सुयांनी बरी झाली आणि अर्धी रागानं. ‘मरत नाई मी, भाड्या. माघारी येतो आणि तुह्या डोळ्यांसमोर जगून दाखवतो.’ श्रावणात डॉक्टर म्हणाला, “रोग दबला आहे बाई, गेला नाही. पौषात परत छातीचा फोटो काढायला या.” तेव्हा तिनं पौषाचा विचारच केला नाही. तिला फक्त घरी जायचं होतं.

वाटेत गावाबाहेरच्या पुलाजवळ हे पिल्लू सापडलं. नाव तिथंच ठरलं.

पावसाळा सरला आणि असा शरद आला म्हणता! भागीरथानं तो जन्मात पहिल्यांदाच पाहिला म्हणा ना, आधी कामातून मान वर काढायला सवड कुठं होती? सकाळी धानावर धुकं बसे, ऊन आलं की शेतांच्या बांध्या पिवळ्या होत. ती पिल्लाला घेऊन तळ्याच्या पाळीवर जाई. आधी दहा पावलांवर बसायला लागे, मग अर्ध्या पाळीपर्यंत, मग एक दिवस ती दुसऱ्या टोकाला पोचली आणि दम लागला नाही. तिनं तिथं बसून ओल्या शिंगाड्यांचा ओटीभर फडशा पाडला. भूक म्हणजे काय भूक! भात खाई, वालाच्या शेंगा उकडून खाई, रहमतबीच्या घरची सीताफळं खाई.

गुणवंत मात्र नावाला जागला नाही. त्यानं रहमतबीची ओढणी फाडली, तळ्यातली बदकं उठवून कोळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, वाळत घातलेल्या वड्यांवर लोळला. दसऱ्याच्या दिवशी तर त्यानं कमाल केली. गुणवंतराव सोनं वाटायला निघाले, तर नव्या जोड्यातला एकच जोडा जागेवर. दुसरा भागीरथाच्या अंगणात, पिल्लाच्या दातांत.

“खाय बापा, खाय,” भागीरथा त्याला म्हणाली. “तुह्याच नावाचा हाय.”

“भागीरथाबाई, इत्ता गुस्सा अच्छा नाई,” रहमतबी म्हणाली. “आता भेटली ना जिंदगी, तिचा मजा घे.”

“घेऊन तं राह्यली वो मजा! याच्यापेक्षा मजा कोणता?”

पण तिचं मन भरलं नव्हतं. भासऱ्यानं एकदा दारात यावं आणि चूक झाली म्हणावं, एवढं तिला हवं होतं. तो काही येत नव्हता. मान मोडेल पण वाकणार नाही असला माणूस. आणि पौष तर जवळ येत होता. पौष पुन्हा तिला बंडीत घालून नेईल, आणि ती हिशेब चुकता न करताच जाईल, या विचारानं तिचा जीव जळत होता.

दिवाळीच्या तोंडावर गुणवंतराव पडवीत दिसेनासे झाले.

“खोकला हाय,” कमळा विहिरीवर म्हणाली. मग म्हणाली, “रक्त पडते.” आणि मग कोणीच तिच्या जवळ उभं राहिना. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची खाट कोठ्यात गेली, गुरांजवळ. पाण्याचा गडवा दाराशी ठेवून सून निघून जाई.

गाव म्हणालं, भागीरथाचा तळतळाट लागला. भागीरथानं ऐकलं आणि तिच्या अंगात ऊन उतरलं. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. ती सरळ कुंभारवाड्यात झिंगू कुंभाराकडे गेली.

“मडकं दे. मोठं, रोट्याचं.”

“पुन्हा रोट्या सुरू का, बाई? लय बेस झालं!” झिंगू खुलला.

तिनं मडकं बोटानं वाजवून पाहिलं, खणखणीत होतं. फुटेल तेव्हा दोन आळ्यांत ऐकू जाईल असं.

गुणवंतरावांना दवाखान्यात न्यायला बंडी निघाली ती गायगोधनाच्या, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी. गावची गुरं रंगवून, माळा घालून बाहेर काढायची गडबड, त्यामुळं म्हाताऱ्याला पोचवायला कोणी आलं नाही. एकटा देवाजी बैलांपुढे. कमळा दारातूनच आत गेली. भागीरथा मडकं दोन्ही हातांत धरून आपल्या उंबऱ्यावर उभी राहिली. रहमतबीनं कुंपणावरून ते पाहिलं.

“नको वो बाई,” ती म्हणाली. “खुदाचा वास्ता तुले.”

“तू गप राय.”

बंडी समोर आली. घोंगड्याखाली माणूस आहे की नाही कळत नव्हतं, एवढंसं ते गाठोडं. पण घोंगडं आखूड पडलं होतं आणि मागून पाय बाहेर आले होते. भागीरथाची नजर, सवयच ती, पायांवरच गेली. हे ते पाय नव्हतेच. पोटऱ्या वाळून काठी झाल्या होत्या, भेगा तेवढ्या ओळखीच्या. असे पाय तिनं पाहिले होते, दवाखान्याच्या खाटेवर, चादरीच्या शेवटी. तिचे स्वतःचे.

तिनं मडकं वर उचललं. बंडी पुढे सरकली. आता टाकायचं, आता.

तेवढ्यात तिच्या पायांतून पिल्लू सुटलं. बंडीमागे धावत, भुंकत, लोंबत्या पायांकडे उड्या घेत निघालं. पुढे नाला, त्यापुढे रान. परवाच बिबट्यानं तिथं वासरू नेलं होतं.

“गुणवंता!” भागीरथा ओरडली. मडकं केव्हा खाली ठेवलं तिलाही कळलं नाही. ती अनवाणी अंगणाबाहेर धावली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. “गुणवंता! नोको जाऊ रे! माघारी ये! गुणवंता, माघारी ये!”

बंडीतलं घोंगडं हललं. म्हातारा कोपरावर उठला. आयुष्यात पहिल्यांदा दोघांनी एकमेकांचं तोंड धड पाहिलं. एरवी गाव हादरवणारा तो आवाज चिरकत आला.

“येतो वो बाई, येतो.” मग दम घेऊन, “तुहं मडकं… नव्हतं फोडाले पायजे.”

भागीरथा जागीच थांबली. बंडी वळणावर गेली. पिल्लू नाल्यापर्यंत जाऊन माघारी आलं, जीभ लोंबवत, काही झालंच नाही अशा थाटात.

“किसको बुलाया गं?” रहमतबीनं हळूच विचारलं.

“ज्याले आयकू गेलं त्याले,” भागीरथा म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

तिनं चूल पेटवली. मडकं उपडं घातलं, तेलाचा हात फिरवला, कणीक मळली. गोळा हातावर घेतला आणि कोपरापर्यंत रोटी लांबली. नव्या मडक्यावर पहिली रोटी चिकटणारच. ती खरवडून काढली. चिकटलेली रोटी कुत्र्याची, हे सासूच्या सासूपासून ठरलेलं.

तुकडे हातात घेऊन ती अंगणात आली. हाक मारायला तोंड उघडलं, आणि नाव काही तोंडातून निघेना. पुन्हा उघडलं. जीभ टाळ्याला चिकटून बसली. भासऱ्याचं नाव, बाईमाणसानं घ्यायचं कसं?

“यू यू,” ती म्हणाली. “यू यू, ये बापा.”

पिल्लू अंगणाच्या कडेला बसलं होतं. त्यानं मान एका बाजूला कलती केली, कान उभे केले आणि तसंच आपल्या नावाची वाट पाहत बसून राहिलं.