खाली बसणारा गॅस

बायको अंबूबाई गेल्यापासून सिद्रामाला कशाचं म्हणून काही वाटत नव्हतं. भाजी अळणी असली तरी खायचा, चहा गार झाला तरी प्यायचा. खासबागेतल्या गल्लीत कुणी "कसं हाय सिद्रामण्णा?" म्हणून विचारलं की "बरं हाय" म्हणायचा आणि पुढं व्हायचा. रडला नव्हता तो. दवाखान्यात नाही, मसणवटीत नाही, वर्षाच्या कार्यालाही नाही. बायका आपसांत म्हणायच्या, दगड हाय बघा माणूस. दगडच झाला होता, खोटं कशाला सांगा.

सिलिंडरचा गॅस घरात साठला, भडका उडाला आणि सकाळी हातमागावर बसायला गेलेली अंबूबाई भाजली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. मग काय, गल्लीला निकाल लावायला कितीसा वेळ लागतोय? रात्री शेगडीचं बटन तिनंच उघडं ठेवलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. समोरची मालुबाई तर येईल त्या पाहुण्याला बसवून सांगायची, "लई घाई हो तिला. हात एकीकडं, ध्यान एकीकडं." सिद्रामही मान हलवायचा. आणि पोरगा दिग्विजय, त्यानं तर आईवर राग धरला होता. मेलेल्या माणसावर राग धरणं अवघड काम, पण पठ्ठ्यानं ते मनापासून केलं. एवढी जाणती बाई, आणि तिला एक बटन बंद करता येऊ नये?

दिग्विजय उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात कामाला होता. तिथल्या भट्ट्या डिझेलवरनं पाइपच्या नैसर्गिक गॅसवर आल्या आणि तो गॅस पोराच्या डोक्यात शिरला तो निघेचना. ताटावर बसला तरी तेच. "आप्पा, धूर न्हाई, काजळी न्हाई, टँकरची वाट बघणं न्हाई. रिक्षा बघा, टेंपो बघा, समदी सीएनजीवर. आता ह्यात जो पैसा घालंल त्यो तरला." त्याचा कॉलेजचा दोस्त स्वरूप, निपाणीतली घरची तंबाखूची वखार विकून हायवेला सीएनजीचा पंप उभा करत होता. त्याला भागीदार पाहिजे होता. दिग्विजयच्या नजरेपुढं एकच पैसा होता, आईच्या अपघाताच्या विम्याचा. तो होता सिद्रामाच्या नावावर, म्हणजे सही बापाची लागणार.

"बघू की," सिद्राम म्हणायचा. धड व्हय नाही, धड न्हाय नाही. पोरगा कावून जायचा. ज्यानं आई जळली त्याच धंद्यात तिचा पैसा घालायचा, हे बापाला पटत नसेल असं त्याला वाटायचं. तसलं काही नव्हतं हो. पटण्या-न पटण्याएवढं सिद्रामाच्यात काही उरलंच नव्हतं.

शेवटी एका रविवारी दिग्विजयनं त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि निपाणी गाठली. तवंदीचा घाट कधी उतरला हे सिद्रामाला कळलंही नाही.

स्वरूप उत्साहाचा माणूस. पाया पडला, उसाचा रस मागवला, हात धरून जागा दाखवत सुटला. इथं गाड्यांची रांग, इथं मशीन, पलीकडं कॉम्प्रेसरची खोली. सिद्राम मान हलवत होता. कॉम्प्रेसरच्या खोलीत गेल्यावर त्याची नजर वर गेली. चारी भिंती संपल्यावर पत्र्याखाली हातभर फट सोडली होती.

"पावसाचं आत येईल की," तो म्हणाला. सकाळपासनं बोललेलं पहिलं वाक्य.

स्वरूपला तेच पाहिजे होतं. "काका, ती मुद्दाम सोडलीया. ह्यो नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका. गळला तर सरळ वर जातोय, फटीतनं भाईर. म्हणून तर सेफ. आपला सिलिंडरचा गॅस जड असतोय, त्यो खाली बसतोय. मोरीत म्हणा, खड्ड्यात म्हणा. वरच्या खिडक्या कितीबी उघडा, त्यो काय हलत न्हाई. त्याला दारच उघडाय लागतंय."

दिग्विजय मोबाइलमध्ये बघत होता. सिद्राम तिथंच उभा राहिला.

खड्डा. त्याच्या घरात चुलीपासून चार पावलांवर मागाचा खड्डा होता. विणकर त्यात पाय सोडून बसतो, पायांनी माग चालवतो. त्या सकाळी गॅसचा वास अंबूबाईलाच आधी आला. सिद्राम उठला, शेगडी बघितली, बटन फिरवून बंद केलं, आणि धूर झाला की करतात तसंच केलं, वरचा झरोका सताड उघडला. दाराला हात लावला नाही. मागावर रेशमाच्या उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवला होता, दारातनं वारा आला की धागे तुटतात. विणकराच्या घरात तेव्हा दार कोण उघडतंय? थोड्या वेळानं उभ्यानं वास येईना. "गेला वास," तो म्हणाला, "बस तू." आणि मागच्या मोरीवर तोंड धुवायला गेला. अंबूबाईनं रोजच्यासारखी उदबत्ती घेतली. मागावर बसायच्या आधी खड्ड्यात वाकून तिथल्या दिवळीत उदबत्ती लावायची, ही तर तिच्या सासूपासूनची चाल. तिनं वाकून काडी ओढली.

"काका, रस घ्या की," स्वरूप म्हणाला.

सिद्रामानं ग्लास घेतला, पिऊन टाकला. परत येताना संकेश्वरला दिग्विजयनं चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा तो म्हणाला, "सही करतो. कुठं करायची ते सांग." पोराचा चेहरा फुलला. मग सिद्रामानं त्याच आवाजात पुढचं सांगितलं. झरोका, दार, ताणा, उदबत्ती, आणि 'बस तू'. दिग्विजयच्या हातातला चहा तसाच राहिला.

"तुमाला काय म्हाईत हुतं, आप्पा," तो म्हणाला. त्याला रडू यायला लागलं. आईवर सव्वा वर्ष धरलेला राग आता कुठं ठेवायचा, हे त्या पोराला कळेना. बापावर काढला असता तर सिद्रामाला बरं वाटलं असतं. पण पोरगा नुसता रडत राहिला.

गल्लीत आल्यावर सिद्राम घरात गेला नाही. चप्पल घातलेल्या पायांनीच पहिल्या घरापासून सुरुवात केली. लग्नाचं आवतन द्यायला हिंडावं तसा दारोदार उभा राहून सांगत होता, "अंबूबाईच्या बटनानं काय झालं न्हाई. दार मी उघडलं न्हाई. बस म्हणून मीच म्हटलं." आवाज ना चढला, ना उतरला. मागनं दिग्विजय "आप्पा, घरी चला की" म्हणत येत होता.

मालुबाई सांडगे वाळत घालत होती. तिनं ऐकलं, पदरानं हात पुसले, तिचाही चेहरा उतरला. "असूंदे रं सिद्रामा," ती म्हणाली. "लोक काय, बोलत्यात आन् इसरत्यात. ती बिचारी गेली, तिला काय ऐकू येतंय का आता?"

"तवा येत हुतं," सिद्राम म्हणाला. "दवाखान्यात तिनं मला इचारलं, माझंच बटन ऱ्हायलं काय हो? मी व्हय म्हटलं. त्येवढं ऐकून ती गेली."

आणि मालुबाईच्या उंबऱ्यावर तो मटकन खाली बसला.