उमराव शेठची साइडकार

लढाई संपल्यावर सैन्याच्या लिलावात उमराव शेठने साइडकारवाली फटफटी घेतली. गोरेगावपुढच्या जंगलात त्याचे तेंदूपानं गोळा करायचे फड होते आणि तिकडचा रस्ता म्हणजे बैलबंडीच्या चाकोऱ्या. तिथे पळवताना फटफटी उसळायची, म्हणून त्याने गोंदियातल्या केवळराम मिस्त्रीला फडावरच नेलं.

पुढच्या चाकाच्या चिमट्याला जाड स्प्रिंग होती आणि तिची उसळी आवरायला बाजूला चकत्या. चकत्यांवरची मूठ पिळली की चकत्या घट्ट बसत. मग उसळी थांबे, पण दगडन्‌दगड अंगात शिरे.

"अजून टाइट कर," शेठ म्हणाला. "हिरनाच्या मांगं पळवतो तं नाचून राहिली."

केवळराम मूठ पिळून साइडकारकडे वळला आणि त्याला उमळून आलं. आदल्या दिवशी मारलेलं चितळ आत कोंबलं होतं. पोट टम्म फुगलेलं, डोळ्यांत निळ्या माश्या. रक्त खालच्या पट्ट्यांवर ओघळून धुळीत थिजलं होतं.

"शेठ, हे कोन खाईन आता?"

"खायले नाई रे. नागपूरवाल्या साहेबाले शिंगं दाखवाची हायेत."

तेवढ्यात जंगलाकडून ओरडा आला. चार माणसं बाज खांद्यावर घेऊन धावत होती. बाजेवर अनुसया होती, याच फडावर पानं तोडणारी. अस्वलाने तिची मांडी फाडली होती. तिचा नवरा बकाराम शेठच्या पायाशी बसला.

"शेठ, दवाखान्यात न्या जी."

"बंडी जुंप ना."

"बंडी सांजेले पोचंन. तोवर मरंन ते."

"मंग चितळ कोठं ठेवू? साहेब वाट पाहून राहिला." शेठने नाकाला रुमाल लावला. चितळाच्या वासाने नव्हे, अनुसयाच्या रक्ताने.

केवळरामच्या तोंडात कडू पाणी आलं. त्याने चितळाचे मागचे पाय धरून ओढले. सडलेली कातडी केसांसकट हातात आली, तरी सोडलं नाही. धूड धप्पकन खाली पडलं.

"हात कायले लावला?" शेठ किंचाळला.

"तुमाले वास येऊन नाई राहिला का?"

शेठच्या ओरडण्याकडे लक्ष न देता त्याने आत पळसाच्या फांद्या अंथरल्या, वर बकारामचं उपरणं टाकलं आणि अनुसयाला निजवलं. साइडकारच्या चाकातली थोडी हवा सोडली, मूठ ढिली केली. बकाराम मागे बसला, बायकोचं डोकं धरून. पहिल्याच चाकोरीत अनुसया अशी किंचाळली, की केवळरामने गाडी थांबवून मूठ आणखी ढिली केली. आता पुढचं चाक वरखाली झुलत होतं, हँडल भरकटत होतं, पण दणका बसत नव्हता. किंचाळणं कण्हण्यावर आलं. बैलाच्या चालीने त्याने जंगल पार केलं, पक्की सडक लागताच वेग धरला आणि फुलचूर मागे टाकून गोंदियाचा दवाखाना गाठला. अनुसया वाचली. पायही राहिला.

आठवड्याने शेठकडे साहेबासाठी जेवण होतं. केवळरामलाही बोलावणं आलं. शेठ तुपाळ बोटं चाटत सांगत होता, "मैंने कहा, साहब, चितळ फेको, पहले बाई को ले जाओ." साहेब वाहवा म्हणाला. शेठने दाराशी उभ्या बकारामला पुढे ओढलं आणि बकारामने सगळ्यांदेखत त्याचे पाय धरले. "शेठमुळं वाचली जी," तो म्हणाला.

केवळरामचा घास तोंडातच राहिला. शेठचे ते चकचकीत ओठ बघवेनात. तो उठला, अंगणात जाऊन घास थुंकला.

"का झालं रे?" शेठने मागून विचारलं. "उद्या गाडी पाहून दे."

"तुमच्या गाडीले मी शिवत नाई. किळस येते."

"गाडीची?"

"तुमची."

केवळराम फाटकाबाहेर पडला, तसा बकाराम धावत आला.

"मिस्त्री, राग नोको धरू. अनुसया दवाखान्यातून लवकर उठत नाई. याच्या फडाशिवाय कोठं जाऊ मी?"

केवळरामने त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाच्या कपाळाला शेठच्या पायाची माती लागली होती. त्याच्यावरचा राग ओसरला.

"जेवली काय ते?" त्याने विचारलं.

"पेज पेली."

"चाल, पाहून येऊ."