भिंगावरचं वाळलेलं तेल

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर प्लास्टिकची टोपी घालून बसलेला जुना सूक्ष्मदर्शक म्हणजे मीच. माझी भिंगं एका कारागिराने हातांनी घासली. बावीस वर्षं मी मेंदूच्या पेशी दाखवल्या. कौतुक पुष्कळांनी केलं. पण चित्र स्पष्ट दिसावं म्हणून भिंगाला लावलेलं तेल काम झाल्यावर पुसून जाणारे किती, ते माझ्या पक्कं लक्षात आहे. मोजायला एका हाताची बोटं पुरली.

मग शेजारच्या खोलीत लेसरचं नवं यंत्र आलं. मला जन्मात दिसले नसते असे बारीक कण ते वेगवेगळे दाखवायचं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

संशोधक ताई औषध वाहून नेणारे असेच कण पेशींत सोडत होती. चित्र जरा पुसट आलं की मोठे सर म्हणायचे, "वाढव अजून प्रकाश!" तासाभरात पेशी मरायच्या. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा सरांनी निकाल दिला, "कणच विषारी आहेत. उद्यापासून हे काम बंद."

ताईची चार वर्षं एका वाक्यात केराच्या टोपलीत!

कण घातलेली एक बशी मात्र लेसरखाली गेलीच नव्हती. ताईने ती माझ्याकडे आणली. माझा दिवा साधा, मवाळ. तिने डोळा लावला आणि हाक मारली.

"मामा, याही गेल्या हो. सगळं धुरकट आहे."

प्रयोगशाळा सांभाळणारे मामा वाकले. "पेशी कुठल्या गं, हा म्हातारा धुरकट झालाय! तेल तसंच ठेवून पळालंय कुणीतरी. तूच नव्हेस ना?"

ताईने जीभ चावली. नवं यंत्र आलं त्या दिवशी तेल न पुसता धावत गेली होती ती तीच.

मामांनी मऊ कागदाने हलकेच तेल काढलं. ताईने पुन्हा पाहिलं. पेशी टवटवीत, नाजूक धागे दूरवर पसरलेले!

तिने सरांना ओढतच आणलं. "सर, कणांनी नाही, आपल्या लेसरने मारलं त्यांना."

सर बराच वेळ बघत राहिले. "प्रकाश कमी करून पुन्हा सुरू कर," ते म्हणाले. "आणि मघाचं माझं बोलणं विसर."

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. पण ज्या काचेतून बघता, ती आधी पुसा. मग समोरच्याला दोष द्या.

ताई आता रोज पुसते. माझी मोजणी दुसऱ्या हातावर गेली आहे.