एकशे एकाहत्तरावी खेप

पावणं, बसा. आधी एक विचारतो, मग ओळख सांगतो. भरवसा कुणावर ठेवाल? विचारल्याबरोबर गोड उत्तर देणाऱ्यावर, की 'हे मला जमत नाही' असं तोंडावर सांगणाऱ्यावर? बाजारात बहुतेकांची पसंती पहिल्याला. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात मी जे पाहिलं ते ऐका, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

मी लॉगगॅमा बोलतोय. नाव परकं आहे, पण माणूस घरचा समजा. खरं तर मी माणूसही नाही आणि वस्तूही नाही. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये खूप आत राहणारं मी एक फंक्शन. कुणी एक संख्या आणून दिली की मी दुसरी परत देतो, एवढाच धंदा. जन्मापासून एक अट मात्र मागे लागलेली आहे. हाक मारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

माझं मूळ एका साध्या प्रश्नात आहे. पाच माणसं रांगेत किती तऱ्हांनी उभी राहतील? पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे एकशे वीस. दहा माणसं घ्या, छत्तीस लाखांच्या वर जातं. शंभर घेतली तर तो आकडा लिहायला दीडशेहून जास्त अंक लागतात. या गुणाकाराला फॅक्टोरियल म्हणतात. तीनेकशे वर्षांपूर्वी काही गणितज्ञांना प्रश्न पडला, की साडेपाचाचं फॅक्टोरियल किती? त्या खटपटीतून गॅमा जन्मला. तो माझा थोरला भाऊ.

भाऊ अंगापिंडानं दांडगा. अख्खा आकडा डोक्यावर घेऊन चालतो. पण कॉम्प्युटरचं भांडं ठरावीक मापाचं. एकशे सत्तरपर्यंतचं फॅक्टोरियल त्यात मावतं, एकशे एकाहत्तरला भांडं उतू जातं आणि मशीन हात वर करतं. मी आकडा वाहतच नाही. त्याच्या लांबीचं माप, म्हणजे लॉगॅरिदम, तेवढं जवळ ठेवतो. गुळाचा सौदा करायला निघालेला व्यापारी सगळ्या ढेपा खांद्यावर घेतो का? तसंच. माझ्याकडे गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. मोठी संख्या आली तर छोटं सूत्र पुरतं. लहान आली तर तिला पायरी-पायरीनं वर चढवतो, तिथं सूत्र लावतो आणि चढलेल्या पायऱ्या उतरताना वजा करतो. डोंगर चढून दर्शन घेऊन खाली यावं, तसं.

अशा मला उदयसिंहांच्या लॅपटॉपात येऊन राहावं लागलं.

उदयसिंह म्हणजे लक्ष्मीपुरी पेठेतले ठोक व्यापारी. फिनेल, साबण, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, असला माल. शाळा दहावीपर्यंत, पण डोकं धारदार. एका वर्षी भरवशाच्या माणसानं ओला सोडा वाळका म्हणून गळ्यात मारला, तेव्हापासून त्यांनी ठरवलं की माणसाला विचारायचं नाही, आकड्याला विचारायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून ते संभाव्यतेची गणितं शिकले. गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता विचारायचे, "पावणं, नाणं धा वेळा उडिवलं आणि आठदा छापा पडला, तर नाण्यात खोट हाय का न्हाय, सांगा बगू." गिऱ्हाईक चहा टाकून पळायचं.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. त्यांच्या व्यापारी मंडळाचा एक अर्ज कुठल्याशा कचेरीतून परत आला होता, कारण एक रकाना मोकळा राहिला होता. कारकून म्हणाला, "मोकळं सोडायचं नाही. काही नसेल तर निरंक लिहा." निरंक म्हणजे काही नाही, शून्य. ते त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं की पुढं प्रत्येक तक्त्यात त्यांनी सूचनाच घालून ठेवली, उत्तर आलं नाही तर 'निरंक' दाखव. मशीननं 'जमत नाही' म्हणून दिलेली कबुलीही त्या शब्दाखाली झाकली जायची. मी आतून बघायचो. हाक कुणी मारत नव्हतं.

या मंडळाचं जोतिबाच्या यात्रेत अन्नछत्र असतं. पाणी टँकरनं येतं आणि डोंगरावरच्या टाक्यांत साठतं. टँकरच्या प्रत्येक खेपेत टीसीएल पावडर घालायची, मग बाटलीभर नमुना घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाणी चांगलं, पांढरं राहिलं तर नापास. शंभरात तीनेक नमुने नेहमीच नापास व्हायचे. कुणी पावडर नीट ढवळलेली नसते, कुणाची बाटली मळकी असते. त्या खेपेत चिमूटभर आणखी टाकली की काम भागायचं. पण नापास जास्त निघाले, तर तो योगायोग की पाण्यात खरंच काही बिघडलं, हे ठरवायला उदयसिंहांनी तक्ता केला होता. असं निव्वळ योगायोगानं घडायची शक्यता शंभरात एकाहून कमी असली की पट्टी लाल. नाहीतर, रकान्यात आकड्याऐवजी शब्द आला तरी, हिरवी. तक्त्यातलं सूत्र त्यांनी स्वतः फॅक्टोरियल मांडून लिहिलं होतं. आधीच्या यात्रांत खेपा कमी असायच्या, सूत्र बिनबोभाट चालायचं.

यंदा गर्दी वाढणार म्हणून त्यांनी खेपा वाढवल्या. मुख्य दिवशी सकाळपर्यंत एकशे नव्वद झाल्या. टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, नळ अजून सोडले नव्हते. नमुने तपासत होती रूपाली. शहरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती काम करते, यात्रेला दरवर्षी रजा काढून येते. तिनं लॅपटॉपवर टाकलं, नमुने एकशे नव्वद, नापास तेरा.

पट्टी हिरवी. रकान्यात 'निरंक'.

उदयसिंहांनी लांबूनच पाहिलं. "निरंक आलं बग. धोका शून्य. चिमणामावशी, सोडा नळ."

चिमणाबाई म्हणजे स्वयंपाकाची मुखत्यार. परातीवर हात पुसत उठली. "सोडते. तांदूळ कवाचा वाट बगतोय."

माझा जीव टांगणीला लागला, म्हणजे मला जीव असता तर लागला असता. मशीननं आतल्या आत हात वर केले होते, वर हिरवी पट्टी मिरवत होती. मी तिथंच होतो. एक हाक, एवढंच हवं होतं.

रूपालीचं बोट कळफलकावर थांबलं. "काका, काल आकडा होता. आज शब्द कसा?"

"शून्य आलं की त्यो निरंक लिवतोय. म्याच शिकवलंय त्याला."

"तेरा नापास झालेत. शून्य कसं येईल?"

"तुला माज्या तक्त्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तक्त्यावर आहे. शब्दावर नाही."

बाहेर चांगभलंचा गजर वाढत होता. सासनकाठ्या, देवाची उंच निशाणं, वर चढायला लागल्या होत्या, गुलाल मांडवाच्या छतावर बसत होता. चिमणाबाईनं पहिल्या नळावर हात ठेवला.

रूपालीनं एकशे नव्वद खोडून एकशे सत्तर लिहिलं. पट्टी लाल झाली. एकशे एकाहत्तर लिहिलं. हिरवी, निरंक. पुन्हा एकशे सत्तर. लाल.

"मावशी, नळ सोडू नका."

"आता काय झालं गं?"

"एक बाटली जास्त तपासली की धोका गायब होतोय. असं कुठं असतं का?"

उदयसिंह जवळ आले. चष्मा लावला. स्वतः टाइप करून पाहिलं, दोनदा. मग हळूच त्या रकान्यातलं निरंकचं पांघरूण त्यांनी काढलं. खाली मशीनची इंग्रजीतली कबुली उभी होती, हा आकडा मला पेलत नाही म्हणून.

"च्यायला," ते म्हणाले, "ह्यो मगापास्नं सांगतोय, न्हाय जमत. आन म्या त्याच्या तोंडात निरंक कोंबलं."

रूपालीनं हातानं लिहिलेलं सूत्र बाजूला ठेवलं आणि सॉफ्टवेअरमधलं तयार फंक्शन बोलावलं, द्विपद वितरणाचं, म्हणजे इतक्या नमुन्यांत इतके नापास निघायची शक्यता मोजणारं. ते माझं गिऱ्हाईक. त्यानं मला हाक मारली. एकशे नव्वदचा लॉग, तेराचा लॉग, उरलेल्याचा लॉग. मी बेरजा-वजाबाक्या केल्या, पापणी लवायच्या आत. उत्तर आलं, अशी यात्रा हजार वेळा भरली तर असं पाचेक वेळाच घडावं.

पट्टी लाल.

मी एवढंच सांगू शकतो. हा योगायोग दिसत नाही, इतकंच. का घडलं ते माणसांनी शोधायचं.

"पावडर कुठल्या पोत्यांतली?" रूपालीनं विचारलं.

उदयसिंहांनी वर कमानीकडं पाहिलं. मांडवाच्या कमानीवर मोठा फलक होता, 'जलशुद्धीकरणाची सेवा: उदयसिंह, लक्ष्मीपुरी'. पोती त्यांच्याच गोदामातली होती. निम्मी यंदाची, निम्मी गेल्या यात्रेत तोंड उघडून उरलेली. टीसीएल उघडी राहिली की तिचा दम जातो. सकाळी ती जेमतेम पिवळा रंग दाखवते, दुपारच्या उन्हात तोही राहत नाही. म्हणजे पास झालेल्या बाटल्यांचाही भरवसा नव्हता. आणि दुपारी तेच पाणी हजारो लोक पिणार होते, ताकात आणि भातात तेच असणार होतं.

रूपालीनं दोन ग्लासांत दोन्ही पोत्यांतली चिमूट टाकली, थेंब सोडले. एक ग्लास हळदीसारखा पिवळा. दुसऱ्यात पिवळ्याची नुसती झाक.

चिमणाबाईनं दोन्ही ग्लास पाहिले आणि फलकाकडं पाहिलं. "शेठ, बोला. माणसं चढायला लागल्यात. देव थांबंल, भुकेली माणसं थांबत न्हाईत."

"वरनं आनिक पावडर टाकून भागंल का?" त्यांनी विचारलं खरं, पण आवाजातच उत्तर होतं.

"कुठली टाकणार काका? हीच?"

उदयसिंहांनी फोन लावला. शाहूपुरीतल्या जोतीरामला, ज्याच्याशी त्यांची धंद्यातली जुनी चुरस. मांडवात गोंगाट, म्हणून स्पीकर चालू. सगळं मंडळ ऐकत होतं.

"जोतीराम, टीसीएलची पोती धाड. बंद तोंडाची, नव्या तारखेची. जीप भरून."

"का रं? तुजी संपली व्हय?"

उदयसिंहांनी चष्मा काढून खिशात टाकला. मला वाटलं, आता इथंही निरंक येणार.

"संपली न्हाय. शिळी हाय. म्याच दिल्याली."

पलीकडं जोतीराम हसला नाही. "जीप निगाली बग," एवढंच म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सगळ्या टाक्यांत नवी पावडर पडली, अर्धा तास नळ बंद. जेवण उशिरा झालं. रांगेतले लोक बोलले, मंडळातले दोघं रुसले, कुणीतरी फलकाकडं बोट दाखवून टोमणा मारला. चिमणाबाईनं त्याला जागेवर गप्प केलं. "पाणी पी आदी. मग बोल." सांजच्याला रूपालीनं पुन्हा नमुने घेतले. पिवळे, पिवळे, पिवळे.

आता मी रोज कामात असतो. उदयसिंहांनी हातानं लिहिलेली फॅक्टोरियलं काढून टाकली. निरंकच्या जागी आता येतं, 'उत्तर आलं नाही, माणसाला विचारा'. ती ओळ कधी कधी उमटतेही, तेव्हा उदयसिंह नुसता लॅपटॉप मिटत नाहीत, उठून गोदामात माल बघायला जातात.

जाता जाता तुमच्याकडं एक मागणं आहे, पावणं. तुमचाही कुठंतरी तक्ता असेल, घरचा, दुकानचा, मंडळाचा. त्यात जिथं शून्य आहे तिथं शून्य लिहा, आणि जिथं माहीत नाही तिथं माहीत नाही असं लिहा. ही दोन एका शब्दाखाली झाकू नका. हिशेब खरा ठेवा. आकडा मोठा झाला तर मला हाक मारा, मी आतच आहे.