एकाच्या बदल्यात दोघे

बातमी सुजीतला लिफ्टमध्ये कळली. शेजारी उभ्या असलेल्या अवनीने, त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने, फोन त्याच्यापुढे धरला.

"बाबा, दे ट्रेडेड गॅविन. इज धिस रिअल?"

सुजीतने वाचलं. शारजा मरीनर्सने गॅविन लोपीस दुबई ड्यून्सला दिला होता आणि त्याच्या बदल्यात रुहान आणि हमदुल्ला असे दोघे घेतले होते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. अवनी बाहेर पडली, तो मात्र आतच उभा राहिला.

सुजीत मरीनर्स या बास्केटबॉल संघाचा व्हिडिओ ॲनालिस्ट. प्रत्येक मॅच पुन्हा पुन्हा बघायची आणि आकडे काढायचे, हे त्याचं काम. गॅविन संघाचा स्टार. घर मूळचं वसईचं, जन्म शारजाचा, आणि राहायला अल नहदाच्या याच बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर. अवनीला चेंडू हातात धरायला त्यानेच शिकवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मॅनेजर जहांआराने सुजीतला बोलावून विचारलं होतं, "गॅविन हर मॅच में पच्चीस पॉइंट करता है, फिर भी हम हारते हैं. क्यों?" सुजीतने अकरा पानांचा रिपोर्ट दिला. चेंडू गॅविनच्या हातात राहतो, बाकीचे चौघे बघत उभे राहतात. शेवटच्या क्वार्टरमध्ये बचाव कोसळतो. मागे धावणारे दोन मेहनती खेळाडू हवेत. गॅविनला काढा, असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. पण त्या दोघांच्या बदल्यात द्यायला क्लबकडे दुसरं होतं काय?

त्या संध्याकाळी अवनी जेवताना एकच वाक्य बोलली. "डिड यू नो?"

"नाही," सुजीत म्हणाला. ते खरं होतं, तरी त्याने ताट अर्धंच सोडलं.

पुढच्या तीन मॅच मरीनर्स हरले. स्टँड अर्धा रिकामा. गॅविनची नऊ नंबरची जर्सी घालून येणारी मुलं आता कोणाच्या नावाने ओरडावं या विचारात गप्प बसायची. नवे दोघे धावायचे खूप, पण त्यांना चेंडू कोणी देत नव्हतं. चौथ्या मॅचला, अजमानमध्ये, ते बदललं. हमदुल्लाने समोरच्या सेंटरला जागचं हलू दिलं नाही, रुहानने तीन वेळा चेंडू हिसकावला आणि पाचही जणांच्या नावावर बास्केट लागल्या. त्यानंतर संघ जिंकतच गेला.

तिकडे दुबईत उलटं झालं. गॅविनची पोस्टर लागली, तिकिटं संपली. पहिल्याच मॅचला त्याने एकतीस पॉइंट केले आणि ड्यून्स हरले. मागची फळी सांभाळणारे तर शारजाला आले होते. जुने खेळाडू त्याला चेंडू द्यायला कचरू लागले. चौथ्या मॅचला कोचने त्याला अर्धा वेळ बाकावर बसवलं.

सुजीतला या मॅच बघायची गरज नव्हती, तरी तो बघायचा. ऑफिसात डबा उघडून, फोन बाटलीला टेकवून. गॅविन बाकावर पाय हलवत बसलेला दिसला की व्हिडिओ थांबवायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

"जिंकताय ना तुम्ही?" त्याच्या बायकोने, आभाने, एकदा विचारलं. "मग घरभर येरझारा कसल्या घालतोस?"

"मी त्याला विचारलं नाही गं. एकदाही. अकरा पानं लिहिली, आणि तो तीन मजले वर राहतो."

"मग आता जा."

तो गेला नाही. पण शुक्रवारी दुपारी पार्किंगमध्ये गॅविनच समोर आला, खांद्यावर बॅग. सुजीतने एका दमात सांगून टाकलं. "रिपोर्ट माझा होता, गॅविन."

"माहितेय, दादा. जहांआरा मॅडमने दाखवला मला." गॅविनने बॅग खाली ठेवली. "खोटं होतं का त्यात काही?"

"नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंस? मी पण बघितलं असतं ना, बाकीचे उभे का राहतात ते. मम्मीला वाटतं मी काहीतरी गुन्हा केला. चर्चमध्ये लोक विचारतात तिला."

"चुकलं माझं," सुजीत म्हणाला.

"तिकडे पण तेच होतंय," गॅविन हळू आवाजात म्हणाला. "काय चुकतंय, सांग ना."

"उद्या तुमची-आमची मॅच आहे. उद्या झाली की सांगतो. आज सांगितलं तर माझ्या पोरांशी बेइमानी होईल."

गॅविनने बॅग उचलली. "खलास, ठरलं. रविवारी येतो."

शनिवारी मरीनर्स नऊ पॉइंटनी जिंकले. रुहानने गॅविनला चौदावर रोखलं. अवनी स्टँडमध्ये कोणत्याच बाजूने ओरडली नाही.

रविवारी गॅविन आला. आभाने पोहे केले आणि लॅपटॉप डायनिंग टेबलावर आला. दोन तास सुजीत दाखवत होता आणि गॅविन प्रश्न विचारत होता. अवनी दाराला टेकून उभी होती. थोड्या वेळाने खुर्ची ओढून तीही बसली. निघताना गॅविन म्हणाला, "कोच ऐकेल की नाही, माहीत नाही." ऐकेल, असं सुजीतलाही छातीठोक सांगता आलं नाही.

सोमवारी जहांआरा खुशीत होती. "तुम्हारे रिपोर्ट ने सीझन बचा लिया. अब रुहान का बनाओ. अबू धाबी वाले उसे मांग रहे हैं. गुरुवार तक."

"बनाऊंगा," सुजीत म्हणाला. "पहले उस से बात करूंगा."

"उस से क्यों?"

"वो खेलता है, मॅडम. मैं सिर्फ देखता हूं."

तिने भुवया उंचावल्या, पण नाही म्हटलं नाही. सुजीत जिना उतरून कोर्टवर आला. प्रॅक्टिस संपली होती. रुहान एकटाच बाकावर बसून घोट्याची पट्टी सोडवत होता. सुजीतने लॅपटॉप न उघडता मांडीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसला.